पोटरीला आलेलं भात

बोईसरला पाऊस आणि बदल्या एकदमच येतात. उन्हाळ्यात ऑर्डरी निघतात, माणसं गावाकडे एक फेरी मारून येतात आणि जूनमध्ये नेमका धो-धो लागलेला असताना आमच्या चित्रालयच्या रस्त्यावर निळी ताडपत्री बांधलेले टेम्पो दिसायला लागतात. आधी उतरतात त्या काळ्या लोखंडी ट्रंका. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं फोर्स नंबर, नाव, युनिट. युनिटचं नाव बदललेलं असतं, जुन्यावर काळ्याचा हात मारून नवं लिहिलेलं. पण ओली ट्रंक तिरकी धरली की खालची अक्षरं उमटतात. नरोरा, त्याखाली रावतभाटा, एखाद्या ट्रंकेवर भिलाई. मग कूलर उतरतो. आमच्या खाऱ्या, दमट हवेत कूलर कुचकामी आहे हे त्यांना कळायला ऑक्टोबर उजाडावा लागतो. पुढे तो गॅलरीत कांदे-बटाटे सांभाळत बसतो. सगळ्यात शेवटी ड्रायव्हरशेजारून पंधरा वर्षांचं एक पोर उतरतं. छातीशी प्लास्टिकची फाइल. अंग भिजलं तरी चालेल, फाइल भिजायला नको.

त्या फाइलीत वर शाळा सोडल्याचा दाखला असतो, मार्कशीट, आधारची झेरॉक्स, वडिलांच्या बदलीच्या ऑर्डरची प्रत. त्यांच्याखाली लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं. वक्तृत्व, दुसरा क्रमांक. आंतरशालेय कबड्डी. विज्ञान प्रदर्शन, सहभाग. शाळेच्या खिडकीवर वरचे कागद लागतात. खालचे कुणी मागत नाही. मला बोलायचं आहे ते त्या खालच्या कागदांबद्दल.

ही लष्करातली कुटुंबं नव्हेत हे आधी सांगून टाकते, कारण त्या बाबतीत दोन्हीकडचे लोक हळवे असतात. हे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलवाले, म्हणजे सीआयएसएफ. लष्कर संरक्षण खात्याचं, हे गृहखात्याचे. पण घराचा ताल तोच. शिफ्ट, क्वार्टर, ऑर्डर, ट्रंका. 1969 हे आमच्या भागाचं मोठं साल. मार्चमध्ये हे दल उभं राहिलं, ऑक्टोबरच्या शेवटाला तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज रीतसर सुरू झाली आणि अणुऊर्जा खात्यातल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा चालवणारी अणुऊर्जा शिक्षण संस्थाही त्याच वर्षीची. पहारा, वीज आणि शाळा एका वयाच्या. बाकीच्यांनी रावतभाटा, नरोरा, काक्रापार, कैगा, कल्पाक्कम, कुडनकुलम ही नावं वर्तमानपत्रात वाचलेली असतात. आमच्याकडच्या पोरांना यातल्या दोन-तीन ठिकाणच्या शाळांची घंटा कशी वाजते ते माहीत असतं.

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याच्या एमआयडीसीतल्या नोकरीपायी इथे आले आणि राहिले. घरी मराठीची शिकवणी घेते. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्यानं, आणि तेव्हापासून माझ्या बाहेरच्या खोलीत अलवर, सिवान, विशाखापट्टणमची पोरं ‘ळ’शी झुंजत बसलेली असतात. (विशाखापट्टणमवाल्याला ‘ळ’ जन्मतःच येतो, तो बाकीच्यांकडे जरा वरून बघतो.) आंटी म्हणतात मला. त्यांच्या आया दीदी म्हणतात. मराठी होतेच थोडीफार, पण त्यापेक्षा जास्त वेळ मी बघत बसते. नवं पोर कुठली खुर्ची धरतं, कुठल्या दिवसापासून पाणी न विचारता घेतं, कधी पहिल्यांदा खोटं बोलतं.

अभ्यासाची सोय सरकारनं केली आहे, आणि चांगली केली आहे. 1963 मध्ये लष्कराच्या वीस रेजिमेंटल शाळा घेऊन केंद्रीय विद्यालयं सुरू झाली ती याचसाठी, की बाप पठाणकोटहून देवळालीला गेला तरी पोराच्या हातातलं पुस्तक तेच राहावं. अणुऊर्जेच्या शाळाही सीबीएसईच्याच. रावतभाट्याहून एक मुलगा आला तो दहावीत, जुलै महिन्यात. विज्ञानाचा प्रकाशाचा धडा तिकडे आरशांपर्यंत झाला होता, इकडे भिंगांपासून पुढे चालू होता. दहावीत थेट प्रवेश सीबीएसई सहजी देत नाही, कारण नोंदणी नववीतच झालेली असते. पण पालकांची बदली हे मान्य कारण आहे. ऑर्डर जोडून बोर्डाची परवानगी काढली, मिळाली. कागदावर त्या मुलाचं काडीचंही बिघडलं नव्हतं.

आणि डबा न उघडताच घरी येत होता. “दीदी, जैसा देती हूँ वैसा वापस,” त्याची आई सांगत होती. भूक नाही म्हणतो. एकट्यानं डबा खाणं हे पंधराव्या वर्षी किती उघडं पडणं असतं ते ज्यानं केलं आहे त्यालाच कळेल.

तिकडे तो एनसीसीत होता. ‘ए’ प्रमाणपत्राला दोन वर्षं भरावी लागतात. तो नववीत भरती झालेला, दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आत बाप हलला, आणि इथे ज्या शाळेत प्रवेश मिळाला तिथे ते वर्ष पुरं करायची सोय झाली नाही. तिकडे परेडला आवाज द्यायला त्याला पुढे उभं करत. इथे त्याचा आवाजच कुणी ऐकलेला नव्हता. मोठ्या माणसाची बदली होते तेव्हा त्याचा हुद्दा बरोबर येतो. बाप हेड कॉन्स्टेबल म्हणून तिकडून निघाला आणि हेड कॉन्स्टेबल म्हणून इथे रुजू झाला. गेटवर पहिल्याच दिवशी त्याला कडक सॅल्यूट मिळाला असेल. पोराचा हुद्दा मात्र जुन्या वर्गातल्या पोरांच्या डोक्यात होता, आणि ती पोरं चंबळेकाठी राहिली. इथल्या वर्गाला तो म्हणजे शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक उंच मुलगा, हिंदी बरी असलेला.

अशा वेळी कुणीतरी हमखास भाताचा दाखला देतं. राबातून उपटून चिखलात लावल्याशिवाय भात पोसत नाही, पोरंही तशीच, हलली की तरारतात. या तालुक्यात भात सगळ्यांना कळतं म्हणून मी उलटून विचारते, की रोप उपटता तेव्हा ते किती दिवसांचं असतं? तीन आठवड्यांचं, फार तर महिन्याचं. पोटरीला आलेलं भात, दाणा धरायच्या बेतात असलेलं, उपटून दुसऱ्या खाचरात लावून दाखवा. पहिली-दुसरीतलं पोर खरंच तरारतं, संध्याकाळपर्यंत नवा मित्र घेऊन येतं. नववी ते बारावीची चार वर्षं वेगळी आहेत. त्या वयात माणूस स्वतःला आरशात कमी आणि मित्रांच्या तोंडून जास्त ओळखतो.

देवळालीला किंवा कामठीला हे इतकं टोचत नसावं. छावणीतल्या वर्गात पोरांची सारखी ये-जा असते. तिथे नवं असणं ही काही बातमीच नव्हे. आमच्याकडे उलटं आहे. कॉलनीतल्या अभियंत्यांची, तंत्रज्ञांची कितीतरी मुलं पहिलीपासून बारावीपर्यंत इथेच असतात. त्यांची एकमेकांची टोपणनावं दुधाच्या दातांपासूनची. दोन वेळा बोलावल्याशिवाय त्या घोळक्यात शिरता येत नाही, आणि पंधराव्या वर्षी कुणी कुणाला दोनदा बोलावत नाही.

आमच्या साताऱ्याकडची तऱ्हा आणखी निराळी. तिथे घरटी फौजी असलेली गावं आहेत. शिपायाची नोकरी ऐन पस्तिशी-चाळिशीत संपते आणि पोर त्याच सुमाराला आठवी-नववीत असतं. माझ्या मावसभावाचा मुलगा झाशी, जम्मू, सिकंदराबाद करत केंद्रीय विद्यालयात शिकला आणि बाप पेन्शनीत आल्यावर गावच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीत बसला. बापाच्या दृष्टीनं सगळे घरी परतले होते. आजी रोज दृष्ट काढत होती. पोराला मात्र ‘घातांक’ आणि ‘बहुपदी’ हे शब्द परके, आणि मैदानावरच्या शिव्याही. ज्याला गाव म्हणत वर्षाला पंधरा दिवस तो जाई ते गाव आता त्याला ‘हिंदीवाला’ म्हणत होतं. बदलीला निदान लोक बदली म्हणतात आणि चार शब्द सहानुभूतीचे बोलतात. घरी परतलेल्या पोराला तेवढीही सवलत नसते.

अमेरिकेत सैनिकांच्या मुलांसाठी राज्याराज्यांत एक करार आहे. 2008 पासून एकेक राज्य त्यात येत गेलं आणि 2014 पर्यंत पन्नासही झाली. एका शाळेत झालेले विषय दुसरीनं मोजावेत, दाखल्याचे कागद मागाहून आले तरी प्रवेश अडू नये, वगैरे कलमं आहेत. ती आपल्याला एका अभ्यासक्रमामुळे फारशी लागत नाहीत. पण त्यात आणखी एक आहे. संघनिवडीची किंवा नाव नोंदवायची तारीख उलटून गेली असली तरी अशा मुलाला खेळात, उपक्रमात शिरायची वाट शाळेनं शक्यतो मोकळी ठेवावी. हे ज्यानं कुणी लिहिलं त्यानं फाइलीतले खालचे कागद पाहिले असणार. आपल्याकडे एवढं एक वाक्य उचललं तरी माझी अर्धी तक्रार मिटेल. तिकडे काही शाळांत जुन्या विद्यार्थ्यांचे गटही असतात. ते नव्याला शाळा दाखवतात, जेवायच्या सुट्टीत सोबत बसवतात. हेही चांगलंच. फक्त नववीनंतरच्या पोराला आपल्यावर कुणाची नेमणूक झाली आहे हे कळलं की तो मनातून आणखी दोन पावलं मागे सरतो, असा माझा अनुभव आहे. स्वागतानं तो पाहुणा होतो. त्याला पाहुणा व्हायचं नसतं.

कल्पाक्कमहून आलेल्या एका मुलीचं बघा. अकरावीत आली, मराठी शून्य, हिंदी अडखळती. वर्गानं तिला सांभाळून घेतलं, म्हणजे तिच्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, ती बहिरी असल्यासारखी. शाळेतल्या खेळाच्या सरांना कुठून तरी कळलं की ही थ्रोबॉल खेळायची. त्यांनी तिला संघात घेतलं नाही, कारण संघच नव्हता. त्यांनी तिला नियम लिहून मागितले आणि सातवी-आठवीच्या मुलींना शिकवायला लावलं. पहिल्या दिवशी ती रडत घरी आली, कारण मुली ऐकत नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात मी कॉलनीच्या मैदानावरून जात होते तर ती तमिळमध्ये ओरडत होती आणि पंधरा मराठी-हिंदी पोरी बरोबर त्या जागी पळत होत्या. सरांनी तिच्याशी प्रेमळपणे काहीही बोललेलं मला आठवत नाही. त्यांना तिची गरज होती, आणि ती खोटी नव्हती.

या गरजेच्या गोष्टीवर मी बराच विचार केला तो आमच्या पापलेटवालीमुळे. ती पोफरणची. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची गावं उठली. 2005 आणि 2006 मध्ये त्या भट्ट्या चालू झाल्या. ती तेव्हा शाळेत होती. रावतभाट्याच्या मुलाबद्दल मी तिच्याजवळ हळहळले, तर काटे काढता काढता म्हणाली, “आमची पोरं तर सगली बरोबरच आली ना, बाई. दर्या नाय आला.” मग थोडं थांबून, “त्या पोराचं काय आलं बरोबर?” ज्याच्या बापाच्या पहाऱ्यातल्या भिंतीपलीकडे आपलं गाव गेलं त्या पोराची चौकशी ती करत होती, हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. माझ्या आलं, आणि मी दर न पाडता पैसे दिले.

त्या हिवाळ्यात शिकवणीतली पोरं काळदुर्गला गेली. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड आहे, तिथून चढायचं. मी खिंडीतच बसणार होते, गुडघ्यांमुळे. निघताना सगळ्यांचा गोंधळ नेहमीचा, कुणाची बाटली राहिली, कुणी आधीच पुढे. तेव्हा रावतभाट्याच्या मुलाला मी म्हटलं, की मला वर येता येत नाही, गेलेली सगळी खाली आली पाहिजेत, ते तू बघ. यात माझी काही युक्ती नव्हती. दुसरं कुणी वेळेवर उभंच नव्हतं.

वर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्यानं दर थांब्यावर मोजणी घेतली. सगळ्यांना आपापला आकडा ओरडायला लावला. पहिल्यांदा पोरं हसली, दुसऱ्यांदा वैतागली. माथ्याजवळ एक मुलगी घाबरून बसली तेव्हा त्यानं तिच्या पुढे एक आणि मागे एक अशी माणसं लावली आणि स्वतः खालच्या अंगाला उभा राहिला. उतरताना आकडे आपोआप ओरडले जात होते. मला ते खिंडीत ऐकू येत होते, झाडीतून, एक, दो, तीन, चार, मग एक मराठी पाच, आणि सगळ्यांत शेवटी त्याचा. परेडचा आवाज काय असतो ते मला तेव्हा कळलं. वाघोबाच्या देवळापाशी सगळ्यांनी एका कागदावर भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव हवालदार पडलं. त्याच्या आईला ते मुळीच आवडलं नाही. “बाप हवालदार, अब बेटा भी? इतना पढ़ा-लिखाकर?” मी तिला खूप समजावलं. डबा रिकामा येऊ लागला तेव्हा तिनं तो विषय सोडला.

बारावीनंतर कागदांचा दुसरा हंगाम येतो. राज्याच्या सीईटीच्या अर्जात उमेदवाराचा ‘टाइप’ भरायचा असतो. दहावी-बारावी इथली आणि अधिवासही इथला असेल तर ए, केंद्र सरकारच्या नोकरीमुळे आई-बाप इथे बदलून आले असतील तर सी. सैन्यदलांतल्या मुलांसाठी निराळ्या राखीव जागा आहेत, त्यांचेही पोटप्रकार आहेत. आयांना हे कळायला दोन दुपारी लागतात, आणि नेमका तेव्हा बाप नाइट ड्यूटी करून झोपलेला असतो. हे काम मी बसून करून देते. त्यात भावना कमी आणि स्कॅनिंग जास्त असतं. पण कुणाच्या घरात तरी ही माहिती हवी, कारण आधीच्या घरातून शिकलेलं पुढच्या घराला सांगायला यांचे शेजारी टिकत नाहीत.

जायचं वर्ष यायच्या वर्षापेक्षा वाईट. ऑर्डर एप्रिलमध्ये निघत असली तरी पोरं जानेवारीतच आतून निघालेली असतात. स्नेहसंमेलनात नाव देत नाहीत. “अब क्या फायदा, आंटी,” हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की पोर बदललं तरी सूर तोच लागतो. मित्रांशी उगीच भांडणं काढतात, म्हणजे तुटायला सोपं जातं. यावर माझ्याकडे औषध नाही. मी फक्त निरोपाच्या वेळी खोटं बोलत नाही. “सुट्टीत येशीलच” असं म्हणत नाही, कारण कुणी येत नाही.

त्याऐवजी जाणाऱ्याकडून एक पान लिहून घेते. मराठीत. पुढे येणाऱ्या पोराला इथलं काय माहीत हवं, एवढाच विषय. ‘बोईसर हे एक औद्योगिक शहर आहे’ अशी सुरुवात केली तर पान परत. त्यामुळे पानं बरी येतात. एकानं लिहिलं आहे, “पावसात वही पिशवीत, पिशवी अजून एक पिशवीत.” कल्पाक्कमच्या मुलीनं लिहिलं आहे, “बोंबील सुकवतात तिथे नाक धरू नका. लोक बघतात आणि त्यांना वाईट वाटते.” दुसऱ्या एकाचं, “लोकल चुकली तर रडू नये. पुढची खूप उशिरा येतो.” आणि हवालदाराचं, “समोसा फक्त पुलाच्या अलीकडच्या गाडीवर. समुद्र चिंचणीला चांगली आहे, पण भरतीत मोजणी करून जावे.”

ही पानं एका फायलीत आहेत. नव्यानं आलेल्याला पहिलं वाचन म्हणून मी तीच देते, पाठ्यपुस्तक नंतर. भिलाईहून आलेली एक नववीतली मुलगी जूनमध्ये ती वाचत नुसती बसली होती. नोव्हेंबरात तिनं माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं. “आंटी, हे चूक आहे. समोसेवाला तिथे नाही आता. पुलाच्या पलीकडे गेला. आणि समुद्र चांगली नसते.” मग दुरुस्त कर, मी म्हटलं. तिनं हवालदाराची ओळ खोडली आणि वर नवी लिहिली.

तो आता कुडनकुलमला, बारावीत. फोन करतो अधूनमधून, मराठी विसरलो नाही हे सांगायला. त्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा ती समोरच होती, म्हणून मी स्पीकरवर टाकला आणि बातमी सांगितली. समोसेवाला हलला? कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही? पलीकडे गेला असेल तर त्याची चटणी बिघडणार, तिकडचं पाणीच वेगळं. मुलीला राहवेना. माझ्या खोलीत मराठीतच भांडायचं असा नियम आहे, तो तिनं पाळला. “चटणी चांगली आहे. तुला काय माहीत? तू इथे राहतोस का?”

पलीकडून जरा वेळ काही आलं नाही. मग परेडचा आवाज आला.

“मी तिथला हवालदार आहे. विचार आंटीला.”